काकींचा पीसी: कामाच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

सोनं द्यायला कोल्हापुरात शुक्रवार पेठेत काकींकडे गेलो आणि हे काम अंगावर घेऊन आलो. पीसीची पूजा झालेली होती. कॅबिनेटवर हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूचा हार. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पान दिसेपर्यंत नऊ मिनिटांच्या वर गेली. काकींनी तेवढ्यात चहा करून आणला. त्यांची रोजची रीतच तशी आहे: आधी पीसीचं बटण, मग गॅस.

मशीन २०१३ साली राजारामपुरीत असेंबल करून घेतलेलं. इंटेल कोअर आय३-३२२०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मूळचं विंडोज ७. जुलै २०१५ ते जुलै २०१६ या वर्षात फुकट अपग्रेड मिळत होतं तेव्हा त्याचं १० झालं. कोरं इन्स्टॉल कधीच झालेलं नाही, जुन्यावरच नवं चढत गेलंय.

काकी घरी टायपिंगची कामं घेतात. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं, बायोडाटा, सोसायटीच्या नोटिसा. पूर्वी रोज असायची, आता लग्नसराईत. गल्लीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलंय की १४ तारखेला विंडोज १० बंद पडणार, मशीन भंगारात घाला. बंद वगैरे काही पडणार नाही. त्या तारखेनंतर मायक्रोसॉफ्टकडून नेहमीचे सुरक्षा अपडेट येणार नाहीत. पण काकी याच मशीनवर बँकेचं खातं बघतात, त्यामुळे ते दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

"आरं, नवीनच घेतो की," काकी म्हणाल्या. म्हटलं, थांबा. हे मशीन नेमकं कशासाठी अडून बसतंय ते आधी बघू.

४ ऑक्टोबर, शनिवार

टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि नुसता बघत बसलो. प्रोसेसर १२ ते १५ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि पंधरा मिनिटं झाली तरी खाली यायला तयार नाही. म्हणजे 'प्रोसेसर जुना झालाय' हे निदान पहिल्या पाच मिनिटांतच निकालात निघालं. तो बिचारा रिकामा बसून होता.

स्टार्टअपमध्ये काय काय होतं: मुदत संपलेला एक अँटिव्हायरस, तो असूनही वरून टाकलेला दुसरा, पीसी वेगवान करण्याचं वचन देणारे दोन 'क्लीनर', आणि घरात आता नसलेल्या एका प्रिंटरचं सॉफ्टवेअर. हे क्लीनर रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतल्या) हजारभर 'चुका' दाखवून पैसे मागतात. रजिस्ट्रीतल्या मेलेल्या नोंदी काढून मशीन पळायला लागलं असं मी आजवर पाहिलेलं नाही. दोन्ही काढले. मुदत संपलेला अँटिव्हायरसही काढला. नऊची साडेसात मिनिटं झाली. एवढ्यावर समाधान मानणारेही असतात.

खरं कारण डिस्कच्या चालीत आहे. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि डोकं त्या जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेले तुकडे वाचायचे म्हटले तर सेकंदाला पाऊणशे-शंभर वाचून होतात. विंडोज १० सुरू होताना असे हजारो लहान तुकडे मागतं. त्यात रॅम ४ जीबी, ती भरली की उरलेला पसारा याच डिस्कवर जातो आणि तिथूनच परत येतो. एकाच खिडकीवर दोन रांगा.

मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं. पिवळा रंग. 'पेंडिंग सेक्टर' शून्य असायला हवेत, ते नव्हते. म्हणजे काही जागा डिस्कला धड वाचता येत नाहीत, आणि अशा जागी ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. काकींचं "मधीच गपकन थांबतंय आणि परत चालतंय" ते हेच.

आता क्रम बदलला. वेग राहू दे बाजूला, आधी डेटा. डीफ्रॅग नाही, खराब सेक्टर शोधणारा चेकडिस्क नाही. मरायला टेकलेल्या डिस्कला असली मेहनत करायला लावायची नसते. मशीन बंद केलं आणि काकींना सांगितलं, उद्यापर्यंत बटण दाबायचं नाही.

"त्यात माझ्या सगळ्या पत्रिका हायत न्हवं?"

५ ऑक्टोबर, रविवार

लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमचा) पेनड्राइव्ह लावून मशीन त्यावरून सुरू केलं. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यामुळे मिंटने डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. आज तेच सोयीचं होतं, चुकूनही काही लिहिलं जायला नको.

पहिल्यांदा काकींचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. आत 'नवीन', 'नवीन नवीन', 'फायनल', 'पाटील फायनल बदल', 'पाटील फायनल बदल खरं'. मग घरचे फोटो. शेवटी डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायला लावली. याची पद्धत मला आवडते: पहिल्या फेरीत अडलेल्या जागा सोडून पुढे जातो, चांगला भाग हाती लागला की मगच त्या जागांकडे वळतो, आणि कुठपर्यंत आलो ते एका फाइलीत लिहून ठेवतो. मध्येच लाइट गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं. रात्रभर ठेवलं.

६ ऑक्टोबर, कोजागरी

प्रतिमा तयार. न वाचता आलेला भाग अगदी थोडा राहिला, आणि तो एका जुन्या लग्नाच्या व्हिडिओत आहे. पत्रिका सुखरूप. रात्री दुधाच्या नादात बाकी काही केलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज कॅबिनेट उघडलं. त्याआधी एक गोष्ट: कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. काकींना त्याची सवय झाली आहे, पायात चप्पल घालून बसतात. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या निम्मं, सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतं. करंट नगण्य असतो, पण टेस्टर पेटतो. वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट खोलला आणि हसला: "पिना तीन, वायरी दोनच." मीटरपासून अर्थिंगची वायर ओढून घेतली. या सगळ्या कामात सर्वांत जास्त गरजेचं मला हेच वाटतं, आणि त्याचा वेगाशी काडीचा संबंध नाही.

आत धूळ अपेक्षेइतकी होती. अपेक्षेबाहेर होती ती हळद. वरच्या जाळीवर दर दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू पंख्याने आत ओढून घेतलेलं, हीटसिंकच्या पात्यांत धुळीबरोबर घट्ट बसलेलं. कॅबिनेटच्या स्क्रूंवर गंज होता. हे घर पंचगंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की इथली माणसं सामान वर चढवायला लागतात. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत हा पीसी माळ्यावर होता. पाणी लागलं नाही, पण नंतर कितीतरी दिवस घरात जी ओल होती ती लागलीच.

उद्यमनगरात मित्राच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर आहे, पण त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश येतो, म्हणून घरगुती ब्लोअरनेच भागवलं. पंखा बोटाने धरून हवा मारायची, नाहीतर तो वाऱ्याने भलत्याच वेगात फिरतो आणि बेअरिंग जातं. हीटसिंक उतरवला, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसली, नवी लावली. रॅमच्या पट्टीचे संपर्क खोडरबराने हलके घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. रिकामं असताना प्रोसेसरचं तापमान ६१ अंश होतं, ते ३९ वर आलं.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही मेलेला. लाइट गेली की घड्याळ २०१२ सालात जायचं. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं आणि बँकेचं पान उघडत नाही. काकी त्या दिवशी नेटवाल्याला फोन करायच्या. ३ व्होल्टचा एक सेल बदलला आणि नेट 'सुधारलं'.

संध्याकाळी राजारामपुरीत. २५६ जीबीचा साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) आणि ४ जीबी डीडीआर३ ची आणखी एक पट्टी. दुकानदार ५०० एमबी वेगाचा एसएसडी पुढे करत होता. एच६१ वर साटाची वाट ३ गिगाबिटचीच आहे, त्यावर कुठलाही एसएसडी पावणेतीनशे एमबीच्या आसपासच थांबणार. त्याने फरक पडत नाही. आपल्याला डोकं सरकण्याचा वेळ वाचवायचा आहे, तो कुठल्याही एसएसडीत वाचतो. साधा घेतला.

काकींचा एकच प्रश्न: "मग पूजा कुठं करायची?" यूपीएसवर करायचं ठरलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० च्या पाठबळाचा शेवटचा दिवस. कुठली सिस्टीम टाकायची ते आज ठरवायलाच हवं.

विंडोज ११ अधिकृतपणे नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची आठवी पिढी लागते, हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. आडवाटा आहेत. पण काकींच्या मशीनवर आडवाट म्हणजे पुढच्या मोठ्या अपडेटला मला फोन.

विंडोज १० पुन्हा कोरं टाकता येईल. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे की न टाकता चालू होईल, आणि वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. म्हणजे पुढच्या दिवाळीला परत हाच विषय.

लिनक्स मिंट २२.२, एक्सएफसीई आवृत्ती: २०२९ पर्यंत अपडेट, आणि सुरू झाल्यावर एक जीबीच्या आसपास रॅम. अडचण एकच, काकींचं सगळं काम वर्ड २००७ मध्ये आणि शिवाजी०१ फॉन्टात आहे. वर्ड २००७ चे अपडेटही २०१७ मध्येच थांबलेत.

मिंट. फॉन्टाचं बघून घेऊ.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

बायोसमध्ये साटा 'आयडीई' या जुन्या पद्धतीवर होतं, ते 'एएचसीआय' या नव्या पद्धतीवर केलं आणि मग मिंट टाकलं. काही विशेष नाही, अर्ध्या तासात झालं. बटणापासून डेस्कटॉपपर्यंत आता ३१ सेकंद. काकी गॅसकडे गेल्या आणि तशाच परत आल्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

जुन्या डिस्कच्या प्रतिमेतून शिवाजी०१ आणि त्याची भावंडं काढून मिंटच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवली. लिबरऑफिसमध्ये (मिंटवरच्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) जुनी पत्रिका उघडली. फॉन्ट बसवण्याआधी तिथे रोमन अक्षरांचा आणि कंसांचा सडा होता, आता 'आमचे येथे श्रीकृपेकरून' स्वच्छ दिसतं. महिरप आणि चौकटी थोड्या सरकतात, ते चालण्यासारखं आहे.

माझ्या लेखी काम इथे संपलं होतं. मग काकी एका गिऱ्हाइकाचा मजकूर टाइप करायला बसल्या. शेजारी फोन, त्यावर व्हॉट्सॲपला आलेला मजकूर, आणि त्या तो बघून सगळा पुन्हा टाइप करत होत्या. दोनशे शब्द, प्रत्येक नाव तपासत. कॉपी का करत नाही विचारलं तर म्हणाल्या, "कॉपी केलं की आपल्या फॉन्टात येत न्हाई. मी आधीपासून असंच करतो."

मशीन डिस्कसाठी थांबत होतं, आणि काकी या फॉन्टासाठी. ३१ सेकंदांचं कौतुक जरा उतरलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी झाली. फॉन्टाचं काम हातात घेतलं.

शिवाजी०१ सारख्या जुन्या फॉन्टात फाइलीच्या आत मराठी नसतंच. आत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. 'म' म्हणजे अर्धा म आणि त्याला जोडलेला दंड, दोन कळा. दिसायला मराठी, शोधायला नाही: 'पाटील' शोधलं तर काहीच सापडत नाही. उलट युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण फॉन्ट, वर्ड आणि छपाईवाले त्याच्याशी जुळवून घेईपर्यंत बरीच वर्षं गेली. काकींनी धंदा सुरू केला तेव्हा शहाण्या माणसाने शिवाजीच घेतला असता.

सगळ्या फाइली आधी लिबरऑफिसकडून डॉकएक्स करून घेतल्या, मग पायथॉनची छोटी स्क्रिप्ट. नुसतं अदलाबदलीचं कोष्टक पुरत नाही, कारण जुना फॉन्ट डोळ्याच्या क्रमाने लिहितो आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. 'चि.' मधली वेलांटी जुन्या फाइलीत च च्या आधी आहे, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. 'निश्चित' मध्ये दुसरी वेलांटी श्च या अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलटं. 'आशीर्वाद' मधला रफार जुन्या फाइलीत 'वा' च्या नंतर येतो, तो उचलून व च्या आधी ठेवायचा, मधल्या काना-मात्रा ओलांडून.

आणि फोन नंबर! ते साध्या इंग्रजी फॉन्टात आहेत. सगळा मजकूर सरसकट बदलला तर नंबरांच्याही चिंध्या होतात. म्हणून स्क्रिप्ट आता प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट बघते, शिवाजी असेल तरच हात लावते.

२६ ऑक्टोबर, रविवार

काकींना बदललेल्या फाइली तपासायला बसवलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, चष्मा कपाळावर असला तरी.

"वर्हाड? हे काय? आपल्यात वऱ्हाड येतंय."

बरोबर. मराठीतला हा आडवा र जुन्या फॉन्टात स्वतंत्र तुकडा आहे आणि स्क्रिप्ट त्याला रफार समजत होती. युनिकोडमध्ये तो नुक्त्याचा ऱ, हलंत आणि ह असा लिहावा लागतो. हिंदीसाठी बनवलेल्या बहुतेक कोष्टकांत ही ओळ नसतेच, तिकडे तिची गरज पडत नाही. 'सुऱ्या', 'सातारकऱ्यांची' वगैरे सगळे शब्द एकदम सुधारले.

दुसरी तक्रार: ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीची मराठी केली आणि दोन्ही अक्षरं आपल्या आकारात आली. चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, भाषा सांगितली की योग्य ते निवडलं जातं. पत्रिकांसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बलू घेतले, खुल्या परवान्याचे आहेत. काकींच्या मते बलू बारशाला ठीक, लग्नाला फार गुबगुबीत.

२ नोव्हेंबर, रविवार

कीबोर्डवरून थोडं वाजलं. इनस्क्रिप्ट (कळांची सरकारी प्रमाण मांडणी) त्यांना नको, या वयात बोटं नव्याने शिकणार नाहीत हे त्यांचं म्हणणं मला पटतं. फोनेटिक (रोमन कळांच्या उच्चारावर चालणारं) लावलं, ते शिवाजीच्या जवळपास जातं. अडतं एकाच ठिकाणी: शिवाजीत अक्षर पुरं करायला दंड टाइप करावा लागतो, इथे तो आपोआप असतो. त्यामुळे 'पाटील' चं सुरुवातीला 'पााटीला' होत होतं. चार ओळींनंतर हात बसला.

एचपी १०२० प्रिंटर चालू. त्याला दर वेळी सुरू होताना फर्मवेअर पीसीकडून लागतं, ते एचपीलिप या एचपीच्या लिनक्ससाठीच्या सॉफ्टवेअरच्या प्लगइनमधून येतं. एचपीलिपची आवृत्ती बदलली तरच प्लगइन पुन्हा टाकावं लागतं.

यूट्यूबवर कीर्तन अडखळत होतं. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला एच.२६४ व्हिडिओ उलगडता येतो, व्हीपी९ नाही, आणि यूट्यूब शक्यतो व्हीपी९ किंवा त्यापुढचंच पाठवतं. मग सगळा भार प्रोसेसरवर. एच.२६४ च मागणारं एक्स्टेंशन फायरफॉक्सला लावलं आणि कीर्तन सुरळीत.

९ नोव्हेंबर, रविवार

तुळशीची लग्नं उरकली, माणसांची सुरू झाली. पहिल्या गिऱ्हाइकाचा मजकूर व्हॉट्सॲप वेबवरून थेट कॉपी झाला. काकींनी तरीही तो शब्द न् शब्द वाचला आणि त्यात गिऱ्हाइकाच्याच दोन चुका काढल्या. बरंच झालं, पूर्वी टाइप करता करता जे तपासणं व्हायचं ते आता वेगळं करावं लागणार.

शिल्लक: २०१५ च्या आधीच्या फाइलींत दुसरेही दोन-तीन जुने फॉन्ट निघालेत, त्यांचं कोष्टक अजून केलेलं नाही. जुनी हार्ड डिस्क काढून 'वाचायची नाही' असं लिहून कपाटात ठेवली. बॅकअपसाठी काकींच्या फोल्डरची प्रत दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर जाईल असं लावलंय, पण ती डिस्क रविवारी जोडायची आठवण काकींनाच ठेवावी लागेल. सध्या ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर न्यायची.